पत्रं थांबली तिथून पुढे : सदाशिवरावभाऊंची प्रतिमा कशी घडली

पीएच.डी.च्या मुलाखतीला गेलात आणि विषय ‘पानिपत’ म्हणून सांगितलात, तर समोरचा एक तरी तज्ज्ञ हमखास विचारतो, ‘यात आता नवीन काय उरलंय?’ प्रश्न खोचक वाटला तरी रास्त आहे. ‘पानिपतात चूक कोणाची?’ हा विषय घेऊन गेलात तर खरंच फार काही उरलेलं नाही. त्यावर सव्वाशे वर्षं भांडून झालंय. पण तोच प्रश्न थोडा वळवा. ‘चूक भाऊंची, हे आपल्याला पहिल्यांदा कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि सांगणारा तेव्हा कुठे उभा होता?’ इथे अजून पुष्कळ काम पडून आहे. सेनापतीचा लौकिक रणांगणावर जेवढा ठरतो तेवढाच नंतरच्या कागदांवर ठरतो, हे दाखवायला सदाशिवरावभाऊंइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही, असं माझं मत आहे.

घटना तुम्हाला माहीत आहेत, म्हणून भरभर सांगतो. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्याच सुमारास दक्षिणेत भाऊ उदगीरची मोहीम जिंकत होते. मार्चमध्ये ते उत्तरेकडे निघाले. तेव्हा भाऊंचं वय एकोणतीस. नाममात्र प्रमुख विश्वासराव, वय सतरा-अठरा. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतला. त्यानंतर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा पानिपतला समोरासमोर बसल्या आणि १४ जानेवारी १७६१ ला जे व्हायचं ते झालं. आजही आपण ‘विश्वास पानिपतात गेला’ म्हणतो. सर्वनाशाला तर ‘पानिपत झालं’ याहून नेमका शब्द मराठीला सापडलेला नाही.

आता याच कालक्रमावर साधनं मांडून बघा. माझा मार्गदर्शकांशी पहिला वाद याच मांडणीवरून झाला, पण ती करून बघितल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. मार्च ते ऑक्टोबर १७६० या काळातली भाऊंची पत्रं भरपूर आहेत. गोविंदपंत बुंदेल्यांना, पुण्याला नानासाहेबांना, इतर सरदारांना लिहिलेली. नोव्हेंबरनंतर दक्षिणेची वाट बंद होत गेली आणि पत्रं विरळ झाली. शेवटच्या आठवड्यांत तर आपल्या हाती जवळपास काहीच लागत नाही. म्हणजे जे दोन-अडीच महिने भाऊंचा निकाल लावतात (छावणी हलवली का नाही, उपासमार कधी सुरू झाली, तहाची बोलणी का फसली, शेवटच्या दिवशी बेत काय होता) त्या काळाबद्दल स्वतः भाऊंचा आवाज गप्प आहे. त्या रिकाम्या जागेत इतरांनी लिहिलं. वाचलेल्यांनी, पलीकडच्या छावणीतल्यांनी आणि ज्यांना नंतर आपापली बाजू सावरायची होती त्यांनी.

पलीकडच्या छावणीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे काशीराज शिवदेव. मूळचा दक्षिणी ब्राह्मण, नोकरी अवधच्या शुजाउद्दौल्याकडे. भाऊ आणि शुजा यांच्यातल्या तहाच्या बोलण्यांत त्याचा हात होता. लढाई त्याने अब्दालीच्या बाजूला उभं राहून पाहिली. त्याने फारसीत हकीकत लिहिली ती १७८० साली. लढाईनंतर एकोणीस वर्षांनी! जेम्स ब्राउनने केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर पुढे ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये आलं, आणि तिथून पुढे इंग्रजी वाचणाऱ्या जगाला पानिपत दिसलं ते मुख्यतः काशीराजाच्या डोळ्यांनी. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातला गर्विष्ठ, कोणाचं न ऐकणारा भाऊ बऱ्याच अंशी याच वाटेने आलाय.

काशीराज खोटारडा होता असं मी म्हणत नाही. तो चांगला साक्षीदार आहे, काही ठिकाणी तर मराठ्यांबद्दल कळवळ्याने लिहितो. पण साक्षीदार चांगला म्हणजे सगळ्याच गोष्टींचा चांगला असं नसतं. न्यायालयात विचारतात तसं त्याला प्रत्येक वाक्याला विचारायचं, ‘हे तू पाहिलंस की ऐकलंस?’

एक उदाहरण घेऊ. भाऊंच्या विरोधातला सगळ्यात गाजलेला पुरावा म्हणजे सूरजमल जाटाचा सल्ला. बायकामुलं, बाजारबुणगे, जड तोफा मागे ठेवा. हलक्या फौजेनिशी गनिमी काव्याने लढा. मल्हारराव होळकरांनीही तेच सांगितलं. भाऊंनी दोघांना झिडकारलं. काशीराजाच्या हकीकतीत तर भाऊंच्या लेखी मल्हाररावांची बुद्धी वयामुळे गेलेली आणि सूरजमल हा नुसता जमीनदार, असं येतं. शाळेच्या पुस्तकापासून कादंबरीपर्यंत हा प्रसंग सगळीकडे आहे. आता विचारा, ही मसलत झाली तेव्हा काशीराज कुठे होता? शुजाकडे. मराठ्यांच्या डेऱ्यात नव्हता. म्हणजे ही गोष्ट त्याने ऐकलेली आहे, आणि लिहिली ती निकाल लागून एकोणीस वर्षं झाल्यावर.

मग गोष्ट खोटी का? तसंही नाही. बखरींमध्येही ती आहे आणि असा सल्ला दिला गेला असणं अगदी शक्य आहे. पण ती इतक्या ठळकपणे का लक्षात राहिली, याचाही विचार करा. पानिपतातून उपाशी, उघडेवाघडे पळत आलेले हजारो लोक सूरजमलच्या मुलखात पोचले आणि त्याने त्यांना अन्न, वस्त्र, आसरा दिला. त्या लोकांनी पुढे घरी जाऊन जी कहाणी सांगितली असेल तिच्यात सूरजमल शहाणा ठरणं स्वाभाविक आहे. ज्याने जीव वाचवला त्याचं ऐकलं असतं तर, ही हळहळ त्या कहाणीत उतरणारच. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण संशोधनात असे तर्क वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवायचे आणि त्याला आधार किंवा विरोध करणारा कागद शोधत राहायचं.

दुसरं उदाहरण जरा छोटं आहे, पण मला जास्त आवडतं. दिल्ली घेतल्यावर भाऊंनी दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून वितळवलं आणि त्याची नाणी पाडली. विरोधकांच्या हकीकतींत ही उद्दामपणाची हद्द आहे. बादशहाच्या घराची अब्रू घेतली! आता हेच त्या उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या पत्रांशेजारी ठेवून वाचा. पत्रांत पुन्हा पुन्हा एकच रडगाणं आहे, की पैसा नाही, फौजेला द्यायला काही नाही, गोविंदपंतांनी रसद आणि ऐवज पाठवावा. पुण्याहून निघताना खजिना पुरेसा नव्हता आणि उत्तरेतला वसूल येत नव्हता. चांदीचं छत तेच आणि वितळवणारा माणूसही तोच. पण एका कागदात तो गर्विष्ठ आहे आणि दुसऱ्यात कर्जबाजारी.

तुम्ही म्हणाल, मग सरळ पत्रांवर विश्वास ठेवू या. १८९८ साली वि. का. राजवाड्यांनी नेमकं तेच केलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी काढला तो याच काळातल्या पत्रांचा, आणि त्याला जोडलेल्या लांबलचक प्रस्तावनेत बखरींच्या अक्षरशः चिंध्या केल्या. अस्सल पत्र हेच खरं साधन, बखर म्हणजे कहाणी, हा मराठी इतिहाससंशोधनाचा बाणा इथून पक्का झाला. त्या प्रस्तावनेत भाऊ एकदम वर येतात. दूरदृष्टीचे, शिस्तीचे, आणि आपल्याच माणसांनी दगा दिलेले. दोष मल्हारराव आणि गोविंदपंतांच्या माथी जातो. सत्तर वर्षं इंग्रजी पुस्तकांतून ‘तुमच्या सेनापतीच्या गर्वाने तुम्ही बुडालात’ असं ऐकून घेतलेल्या पिढीला ही प्रस्तावना कशी वाटली असेल, कल्पना करा.

पण इथेही तोच प्रश्न विचारावा लागतो. तो खंड ज्या पत्रांवर उभा आहे त्यातली बरीचशी भाऊंचीच आहेत. सेनापती आपल्या मामलेदाराला ‘रसद का आली नाही, नावा का जमवल्या नाहीत’ म्हणून खरमरीत लिहितो, तेव्हा ते पत्र अस्सल असतं यात शंका नाही. पण अस्सल म्हणजे निःपक्षपाती नव्हे. गोविंदपंतांना अंतर्वेदीत रोहिल्यांच्या आणि शुजाच्या फौजा उरावर असताना पैसा कुठून काढायचा होता, हे त्या पत्रांत येणार नाही. शिवाय गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्येच मारले गेले. त्यांनाही उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. बखरीवर आंधळा विश्वास ठेवणं जेवढं भाबडं, तेवढंच ‘पत्र आहे ना, मग झालं’ म्हणणं.

पत्रांविषयी एक धंद्यातली गोष्ट सांगून ठेवतो, कारण पहिल्या वर्षी ती कोणी नीट सांगत नाही. मोडी पत्रावर पुष्कळदा ‘छ’ म्हणजे चंद्र, तिथी आणि महिना असतो, वर्ष नसतंच. वर्ष लावलेलं असतं ते छापणाऱ्या संपादकाने, आतल्या मजकुरावरून. पेशवे दप्तरातल्या निवडींचे ४५ भाग सरदेसायांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ एवढ्या थोड्या काळात निघाले. काम अफाट आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण पत्राच्या डोक्यावर छापलेली इंग्रजी तारीख ही पत्रलेखकाची नसून संपादकाची आहे, हे विसरू नका. एखादं पत्र मागच्या वर्षीचं निघालं तर तुमच्या युक्तिवादाची अख्खी साखळी तुटू शकते.

आता जे वाचले त्यांच्याकडे वळू. पानिपतावरून महादजी शिंदे पायाला कायमचं अधूपण घेऊन, राणेखान भिस्त्याच्या कृपेने जिवंत परतले. त्यांना पुढे तेहतीस वर्षं मिळाली. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत गेले, बादशहाला गादीवर बसवलं, त्यात महादजी आघाडीवर होते. १७९४ मध्ये ते वारले तेव्हा पानिपत ही त्यांच्या चरित्रातली सुरुवातीची एक जखम होती, एवढंच. समजा त्या दिवशी राणेखान दुसऱ्या वाटेने गेला असता, तर आज आपण महादजींना ओळखलं असतं ते पडलेल्या सरदारांच्या यादीतलं एक नाव म्हणून.

मल्हाररावांचं प्रकरण अवघड आहे. ते लढाई हातची जाताना आपली फौज घेऊन निघून गेले. ‘भाऊसाहेबांची बखर’ त्यांच्यावर चांगलीच उखडलेली आहे. त्या बखरीला दत्ताजी-जनकोजींचा जिव्हाळा आहे आणि नजीबखानाला जिवंत ठेवल्याचं सगळं खापर ती होळकरांवर फोडते. होळकरांच्या बाजूची परंपरा मात्र सांगते की बायकामाणसांना सुखरूप बाहेर काढायला भाऊंनीच मल्हाररावांना सांगितलं होतं. आणि पार्वतीबाई, म्हणजे भाऊंच्या पत्नी, खरोखर दक्षिणेत सुखरूप पोचल्या. आता यातलं खरं काय? मला विचाराल तर दोन्ही कागद त्या दिवसापेक्षा शिंदे-होळकरांच्या पुढच्या भांडणाबद्दल जास्त सांगतात.

आणि इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. इंदूर आणि ग्वाल्हेर ही संस्थानं भारत स्वतंत्र होईपर्यंत टिकली. त्यांचं दप्तर होतं, पदरी लिहिणारी माणसं होती, पूर्वजांची बाजू मांडायला पैसा होता. भाऊंचा मुलगा मागे राहिला नाही. नानासाहेब पेशवे लढाईनंतर पाच महिन्यांत, २३ जून १७६१ ला पर्वतीवर वारले. १८१८ ला पेशवाईच बुडाली. भाऊंची कैफियत लिहून ठेवण्यात कोणाचा घरगुती स्वार्थच उरला नाही. प्रतिमा टिकवायला वारस लागतात, असं आमच्या विभागातले एक सर म्हणतात. ते हे चेष्टेत म्हणतात, पण वंशावळ काढून बसलात की चेष्टा वाटत नाही.

शेवटच्या दिवसाकडे येऊ, कारण तिथे एका वाचनाने सगळी प्रतिमा पालटते. जुना आक्षेप असा की भाऊंनी मराठ्यांचा गनिमी कावा सोडला, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा-पलटणींच्या नादाने मैदानी लढाई अंगावर घेतली आणि बुडाले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी हा आक्षेपच उलटा करून पाहिला. ते स्वतः त्या भूमीवर फिरले, नद्या-नाल्यांचा, गावांचा विचार केला. त्यांचं पुस्तक इंग्रजीत १९४६ ला आणि मराठीत १९६१ ला आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की त्या सकाळी भाऊंना निर्णायक लढाई द्यायचीच नव्हती. तोफा आणि गारदी बाहेरच्या कडेला, बिनलढाऊ माणसं मध्ये, असा गोल बांधून यमुनेच्या बाजूला सरकत वेढ्यातून बाहेर पडायचं होतं. गोलाची शिस्त काही सरदारांनी मोडली, इब्राहिमखानाच्या तोफांपुढे आपलेच घोडेस्वार आले आणि मारा थांबला.

हे मान्य केलं तर ‘हट्टाने मैदानात उतरलेला’ भाऊ नाहीसा होतो आणि एक अतिशय अवघड, जवळजवळ अशक्य माघार आखणारा सेनापती दिसू लागतो. मला शेजवलकरांचं म्हणणं बरंचसं पटतं. पण ते पटावं असं मला आतून वाटतं, हेही मला माहीत आहे, म्हणून मी ते वाचताना पेन्सिल जास्त टोकदार ठेवतो. बेत गोलाचा होता हे सांगणारी साधनंही लढाईनंतरचीच आहेत. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले, यावरही तसंच. एकाला ते शौर्य वाटतं, तर दुसरा म्हणतो, हौदा रिकामा दिसल्यावर फौज फुटणार हे सेनापतीला कळायला नको? जदुनाथ सरकारांनी काशीराजाची हकीकत पुन्हा मूळ फारसीवरून भाषांतरित केली, नजीबखानाचं फारसी चरित्रही इंग्रजीत आणलं, आणि त्यांचा भाऊंवरचा निकाल शेजवलकरांहून खूपच कडक आहे. दोघेही मोठे अभ्यासक. दोघांपुढचा साधनांचा ढीग वेगवेगळा होता आणि त्या ढिगातली कोणती भाषा जास्त बोलते, यावर निकाल फिरला. फारसी न शिकता पानिपतावर लिहायचं ठरवलंत तर तुम्ही नकळत अर्ध्या न्यायालयात बसलेले असाल, हे आधीच सांगतो.

कागदांच्या बाहेरही भाऊंची एक प्रतिमा होती. लोकांना ते मेले हे पटतच नव्हतं. गर्दीत घुसलेला माणूस परत आला नाही, एवढंच बहुतेकांना ठाऊक. म्हणून काही वर्षांनी एक जण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. त्याला पकडून कैदेत टाकलं गेलं. पुढे १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून तो सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, हजारो माणसं त्याच्या निशाणाखाली जमली. अखेर आंग्र्यांच्या हाती सापडून तो पुण्यास आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला मारण्यात आलं. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे.

या तोतयाला आपण इतिहासातली एक चमत्कारिक गोष्ट म्हणून बाजूला ठेवतो. मला वाटतं तो भाऊंच्या लौकिकाचा फार मोलाचा पुरावा आहे, आणि काशीराजाच्या हकीकतीपेक्षा चार वर्षं आधीचा. राज्य बुडवणारा गर्विष्ठ सेनापती परत आला, तर पंधरा वर्षांनी त्याच्या नावावर किल्ले कोण उघडेल? बारभाईंवर नाराज असलेल्यांना तोतया सोयीचा होता हे खरं. पण सोयीसाठी वापरायलाही त्या नावाला लोकांत किंमत असावी लागते. १७७६ मध्ये कोकणात ती होती. १८२६ च्या पुस्तकात ती राहिली नाही. मधल्या पन्नास वर्षांत त्या नावाचं काय झालं, यावर आजवर जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलेलं नाही. तोतयाच्या चौकशीचे, जप्त्यांचे, त्याला मिळालेल्यांच्या शिक्षांचे कागद त्या कामाला लागतील. ते मोडीत आहेत, आणि मोडी शिकायला साधारण सहा महिने पुरतात.